कोरड्या विहिरीचा खर्च कोणी सोसायचा?

जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करण्याचा विषय निघाला की आपल्याकडे उत्तर तयार असते. आइसलँड, केनिया, इंडोनेशिया हे देश ज्वालामुखींच्या पट्ट्यात आहेत, निसर्गाने त्यांना ही उष्णता वर आणून दिली आहे. भारताला ती मिळालेली नाही आणि सरकारने कितीही धोरणे आखली तरी खडक तापणार नाही. त्याला लगेच दुसरा मुद्दा जोडला जातो: सूर्याची वीज अडीच रुपये युनिटने मिळत असताना दोन-तीन किलोमीटर खोल जाण्याची गरजच काय? आणि तिसरा, बहुतेकांना निर्णायक वाटणारा मुद्दा असा की यात खरोखर पैसा असता तर खासगी कंपन्या केव्हाच उतरल्या असत्या. शहाण्यासुरत्या माणसांकडून, अभियंत्यांकडून, ऊर्जेवर अभ्यासाने बोलणाऱ्यांकडून हा युक्तिवाद मी वारंवार ऐकला आहे. तो चुकीचा आहेच, शिवाय घातकही आहे, कारण पाच-सहा दशकांच्या सरकारी हयगयीला तो भूगर्भशास्त्राचा आधार मिळवून देतो.

त्यातला खरा भाग आधीच मान्य करतो. उष्ण खडक, त्यात मुरलेले पाणी आणि ते पाणी खेळते ठेवणाऱ्या भेगा, या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय भूऔष्णिक वीज सहजी होत नाही. दख्खनच्या बेसाल्टवर कोठेही विहीर पाडली की टर्बाइन फिरेल, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण जिथे उष्णता आहे तिथेही वीज होईलच असे नसते. ती होणार की नाही हे कायदा, दर आणि जोखमीचा पैसा यांवर ठरते. या विधानाचा पुरावा म्हणून जपानकडे पाहावे.

भूऔष्णिक साठ्यात जपानचा क्रमांक जगात तिसरा लागतो. अमेरिका आणि इंडोनेशिया तेवढे त्याच्या पुढे. तिथली क्षमता सुमारे २३,००० मेगावॅट मानली जाते. तोशिबा, मित्सुबिशी आणि फुजी या जपानी कंपन्यांनी जगभरच्या भूऔष्णिक केंद्रांना टर्बाइने पुरवली आहेत. म्हणजे खडक तापलेला, यंत्रे घरची, अभियंते घरचे आणि तेलासाठी देश परक्यांवर अवलंबून. तरी जपानची स्थापित क्षमता आजही पाच-सहाशे मेगावॅटच्या आसपास रेंगाळते आहे. हे असे का झाले याचे उत्तर दगडांत सापडत नाही, सरकारी निर्णयांच्या तारखांमध्ये सापडते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या सरकारने ‘सनशाइन’ कार्यक्रमात संशोधनाला आणि शोधविहिरींना पैसा दिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत केंद्रे उभी राहत गेली. १९९७ मध्ये नव्या ऊर्जास्रोतांच्या प्रोत्साहनाचा कायदा आला आणि त्यातून भूऔष्णिक वीज वगळली गेली. त्यानंतर मोठी केंद्रे उभी राहणे थांबले. बहुतेक साठे राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत असल्यामुळे तिथे खोदाईवर कडक निर्बंध होतेच. पुढे २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. २०१२ मध्ये उद्यानांचे नियम सैल झाले, विजेला हमीदर मिळाला, छोट्या केंद्रांना युनिटमागे ४० येन आणि मोठ्यांना २६ येन. २०१९ मध्ये वासाबिझावा येथे ४६ मेगावॅटचे केंद्र सुरू झाले, मोठ्या आकाराचे असे केंद्र तब्बल दोन दशकांहून अधिक काळानंतर. या साऱ्या काळात जपानखालचा खडक एक अंशानेही थंड किंवा गरम झालेला नव्हता.

केनियाची कथा याच्या उलट दिशेने जाते आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. रिफ्ट खोऱ्यातल्या ओल्कारिया येथे पहिला १५ मेगावॅटचा संच १९८१ मध्ये सुरू झाला. १९८५ पर्यंत तिथे ४५ मेगावॅट क्षमता झाली. आणि मग जवळपास अठरा वर्षे सरकारी पातळीवर फारसे काही घडले नाही. उष्णता तीच, अनुभवी माणसे हाताशी, चालू केंद्र डोळ्यांसमोर, तरी काम ठप्प. देश धरणांच्या विजेवर विसंबून राहिला. १९९९ ते २००१ च्या दुष्काळात धरणे आटली, वीजकपातीने कारखाने बंद पडू लागले, तेव्हा सरकारला जाग आली. २००४ च्या ऊर्जाधोरणात भूऔष्णिक विजेला स्थान मिळाले, २००६ मध्ये नवा ऊर्जाकायदा झाला आणि २००८ मध्ये ‘जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी’ ही पूर्णपणे सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली. तिचे काम नेमके होते: शोध घ्यायचा, विहिरी खोदायच्या, कोरड्या निघाल्या तर तोटा सरकारने सोसायचा आणि वाफ लागली तर ती वीजकंपन्यांना विकायची. ‘केनजेन’ ही जुनी वीजकंपनी ओल्कारियात आपले काम वाढवत राहिली. २०१४ मध्ये एकाच वर्षात २८० मेगावॅटची भर पडली. आज केनियाची भूऔष्णिक क्षमता ९०० मेगावॅटच्या पुढे आहे आणि देशाच्या विजेचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा तिथून येतो. मेनेंगाई या दुसऱ्या क्षेत्रात सरकारी कंपनीने विहिरी खोदल्या आणि त्या वाफेवर वीज करण्यासाठी खासगी कंपन्यांना प्रत्येकी ३५ मेगावॅटची केंद्रे दिली. त्यातले पहिले २०२३ मध्ये चालू झाले. खासगी कंपन्या आल्या, पण विहिरीत वाफ आहे हे सिद्ध झाल्यानंतर आल्या.

इथे प्रश्नाचे मूळ आहे आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. कोळशाचे केंद्र उभारणाऱ्याला कोळसा कोठून येणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असते. सौरप्रकल्प उभारणाऱ्याला त्या जागी वर्षभरात किती ऊन पडते याचे आकडे आधीच मिळतात. भूऔष्णिक प्रकल्पात मात्र इंधन आहे की नाही हे कळण्यासाठीच कोट्यवधी रुपये आधी खर्चावे लागतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बोअर मारायचा खर्च आधी होतो, पाणी लागले की नाही ते नंतर कळते आणि बोअर फेल गेली तरी गाडीवाल्याचे पैसे चुकते करावेच लागतात. फरक इतकाच की इथे एकेका खोल विहिरीचा खर्च कित्येक कोटींचा असतो आणि बँक शोधविहिरीसाठी कर्ज देत नाही. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१३ मध्ये १४ देशांतल्या २,६०० हून अधिक भूऔष्णिक विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण यशाचे प्रमाण ७८ टक्के निघाले, पण शोधाच्या टप्प्यातल्या विहिरींचे केवळ ५९ टक्के. एकदा क्षेत्र कळले की जोखीम झपाट्याने उतरते. पहिल्या चार-पाच विहिरी मात्र अंधारात पाडाव्या लागतात आणि त्या विहिरींचा खर्च कोण उचलतो यावर त्या देशात भूऔष्णिक वीज होणार की नाही हे ठरते. आइसलँडने हा प्रश्न १९६० च्या दशकातच सोडवला. तिथल्या सरकारी ऊर्जानिधीतून खोदाईसाठी कर्ज मिळे आणि विहीर कोरडी निघाली तर ते कर्ज अनुदान समजून माफ होई. आज तिथली दहापैकी नऊ घरे जमिनीखालच्या उष्णतेने गरम राहतात. आपण त्याला निसर्गाची देणगी म्हणतो. देणगी होतीच, पण ती घरोघरी पोहोचली ती त्या निधीमुळे.

सरकारने अशी जोखीम घेणे भारताला परके आहे का? मुळीच नाही. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग १९५६ मध्ये स्थापन झाला तेव्हा भारतात तेल कितपत आहे याबद्दल परदेशी कंपन्या फार आशावादी नव्हत्या. तरी सरकारी पैशातून विहिरी खोदल्या गेल्या, त्यातल्या कित्येक कोरड्या गेल्या. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून दूर समुद्रात बॉम्बे हायचे तेल शोधले. पहिल्या कोरड्या विहिरीनंतर ‘भारताच्या भूगर्भात तेल नाही, धोरणाने ते निर्माण होणार नाही’ असे म्हणून आयोग बंद केला असता तर बॉम्बे हाय कोणाला सापडले असते? तेलासाठी जी जोखीम राष्ट्रीय कर्तव्य मानली गेली ती उष्णतेसाठी उधळपट्टी कशी ठरते, याचे उत्तर ‘खडक तापत नाही’वाल्यांनी द्यायला हवे.

आता आपल्याच जमिनीचा हिशेब पाहू. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातले तीनशेहून अधिक उष्ण झरे नोंदवले आणि १९९१ मध्ये त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, सर्वेक्षणाने ३४ विहिरी पाडल्या. त्यातली सर्वांत खोल विहीर ३८५ मीटरचीही नव्हती. एवढ्या उथळ खोलीवर विहिरीच्या तोंडाशी १४० अंश सेल्सियसपर्यंत तापमान मिळाले. हा आकडा एकदा जर्मनीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. ऱ्हाइन खोऱ्यातल्या इन्सहाइम येथे १६५ अंशांचे पाणी मिळवण्यासाठी साडेतीन किलोमीटरहून खोल जावे लागते. तिथे २०१२ पासून वीज तयार होत आली आहे, कारण जर्मनीच्या कायद्याने भूऔष्णिक विजेला युनिटमागे सुमारे २५ युरोसेंट हमीदर दिला. इन्सहाइमला धगधगता ज्वालामुखी नाही. पुगाला पावकिलोमीटर-अर्ध्या किलोमीटरवर जे मिळते ते तिथे दहापट खोल जाऊन मिळवले जाते. भारतात मात्र व्यापारी तत्त्वावर चालणारे एकही भूऔष्णिक वीजकेंद्र नाही. मग खडकाला दोष द्यायचा तो कोणत्या तोंडाने?

पुगाच्या त्या ३४ विहिरींनंतर काय झाले ते पाहिले की चीड येते. हिमाचलमधल्या मणिकरण येथे ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच चालवून पाहिला गेला आणि तिथेच थांबले. छत्तीसगडमधल्या तत्तापानी येथे सर्वेक्षणाच्या विहिरींतून शंभर अंशांच्या आसपासचे पाणी वाहते. तिथल्या वीजप्रकल्पासाठी २०१३ मध्ये एनटीपीसीने राज्याच्या ऊर्जासंस्थेशी करार केला, पण वीज झाली नाही. पुगासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ (पूर्वीचा आयोग), लडाख प्रशासन आणि लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि उद्दिष्ट ठरले एक मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्राचे. पहिल्या सर्वेक्षणानंतर जवळपास पन्नास वर्षांनी एक मेगावॅट! या काळात देशाला खोल खोदाई येत नव्हती असेही नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विहीर पाडण्यात आली. ते काम व्हायलाच हवे होते आणि ते सरकारी पैशातूनच झाले. पुगात तितक्या खोलीवर काय आहे हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. भारताची भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा आकडा सरकारी कागदांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच्या समर्थकांनीही मान्य करावे की तो बव्हंशी वरवरच्या मोजमापांवरून बांधलेला अंदाज आहे. तो खरा की खोटा हे खोल विहिरी खोदल्याशिवाय ठरणार नाही. ज्यांनी खोदलेच नाही त्यांनी ‘खाली काही नाही’ असे ठामपणे सांगणे हे विज्ञानात बसत नाही.

दराचा मुद्दा. सौरवीज स्वस्त आहे हे खरे, पण ती स्वस्त कशी झाली हे विसरले जाते. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेचा दर युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. पहिल्या लिलावांत तो १२ रुपयांच्या आसपास आला. एवढी महाग वीज कोण घेणार, म्हणून सरकारने एनटीपीसीच्या कोळशाच्या स्वस्त विजेत ती मिसळून वितरण कंपन्यांना विकली. सौरखरेदीची सक्ती केली, सौरपार्क उभारून जमीन आणि वाहिन्या पुरवल्या, २०१५ मध्ये लक्ष्य २०,००० मेगावॅटवरून एक लाख मेगावॅटवर नेले. मे २०१७ मध्ये राजस्थानच्या भाडला येथे २ रुपये ४४ पैशांचा दर आला. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौरक्षमता एक लाख मेगावॅट ओलांडून गेली. चीनमध्ये पॅनेल स्वस्त झाले हा त्यातला मोठा वाटा, हे मान्यच. पण २०१० साली कोणी ‘कोळशाची वीज स्वस्त असताना १८ रुपयांची सौरवीज कशाला’ असे म्हणून धोरण अडवले असते, तर भाडला उभे राहिले नसते. आज सौरविजेच्या आडून भूऔष्णिक विजेवर केला जाणारा आक्षेप नेमका तोच आहे आणि जिला हातभार मिळाल्याचा सर्वाधिक फायदा झाला त्या विजेचे नाव घेऊन तो केला जातो याचे मला वाईट वाटते.

शिवाय युनिटच्या दरावरून तुलना करताना वेळ गाळली जाते. सौरकेंद्र वर्षभराच्या सरासरीत आपल्या क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्के वीज देते. भूऔष्णिक केंद्र ऐंशी-नव्वद टक्के देऊ शकते, रात्रीही आणि जानेवारीतही. लडाखमध्ये याला किती मोल आहे हे तिथल्या हिवाळ्यातल्या रात्री विचारावे. पुगा ज्या चांगथांगच्या पठारावर आहे, त्याच पठारावर पांग येथे ९,००० मेगावॅट सौर आणि ४,००० मेगावॅट पवनऊर्जेचा प्रकल्प आखला गेला आहे. ती वीज हरियाणातल्या कैथलपर्यंत आणण्यासाठी २०,७७३ कोटी रुपयांच्या वाहिनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यातले ८,३०९ कोटी केंद्राचे अनुदान आहे, म्हणजे ४० टक्के. ऊन-वारा नसतानाही वाहिनी चालती राहावी म्हणून जोडीला १२,००० मेगावॅट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्या. या खर्चाला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या पठारावर सूर्यासाठी आठ हजार कोटींचे अनुदान धोरणात बसते, तिथेच अहोरात्र वीज देऊ शकणाऱ्या स्रोताला एक मेगावॅटच्या प्रयोगावर बोळवणे हा सरकारने केलेला प्राधान्यक्रम आहे. त्यात भूगर्भाचा काही दोष नाही. लडाखची थंडीसुद्धा इथे कामाची आहे. कमी तापमानाच्या पाण्यावर चालणारे संच गरम आणि थंड टोकांमधल्या फरकावर चालतात. अलास्कातल्या चेना येथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज काढली जाते, कारण थंड करायला बर्फासारखे पाणी शेजारी आहे.

‘फायदा असता तर खासगी कंपन्या आल्या असत्या’ या वाक्याला इतिहास साथ देत नाही. तुर्कस्तानात किझिलदेरेचे क्षेत्र १९६८ मध्ये सरकारी भूसर्वेक्षण संस्थेने शोधले. २००५ नंतरही देशाची क्षमता पंधरा-वीस मेगावॅटवर अडकलेली होती. २००७ मध्ये भूऔष्णिक साठ्यांचा स्वतंत्र कायदा झाला, सरकारी संस्थेने आधी शोधलेली क्षेत्रे लिलावात निघाली, २०१० च्या शेवटी युनिटमागे साडेदहा अमेरिकी सेंटचा हमीदर दहा वर्षांसाठी मिळाला आणि २०२० पर्यंत क्षमता १,६०० मेगावॅटवर पोहोचली. खासगी कंपन्या आल्या, पण कायदा आणि दर यांच्यामागून आल्या. इंडोनेशियात उलटे घडले. तिथल्या २००३ च्या कायद्याने भूऔष्णिक काम खाणकामात मोडले आणि खाणकामाला संरक्षित जंगलात बंदी होती, साठे तर त्याच जंगलांत. ही एक व्याख्या बदलायला २०१४ साल उजाडले. सुमात्रातल्या सारुल्ला प्रकल्पाचा करार १९९३ चा, आर्थिक संकट आणि रखडलेल्या दरवाटाघाटींतून वाट काढत पहिला संच चालू झाला तो २०१७ मध्ये. अमेरिकेतल्या ज्या ‘फर्व्हो’ कंपनीच्या आडव्या विहिरींचे आज जगभर कौतुक होते, तिचा युटातला मोठा प्रकल्पही ऊर्जाखात्याच्या ‘फोर्ज’ या भूमिगत प्रयोगशाळेच्या शेजारीच उभा राहतो आहे. कठीण ग्रॅनाइटमध्ये कशी खोदाई करायची हे शिकण्यासाठी त्या प्रयोगशाळेवर सरकारने वर्षानुवर्षे पैसा ओतला. खासगी उद्यमशीलतेला मी कमी लेखत नाही. तिला पहिले पाऊल टाकायला पायाखाली जमीन लागते, आणि ती जमीन जगात बहुतेक ठिकाणी सरकारांनीच तयार करून दिली आहे.

आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या विरोधाबद्दल, ज्याचा मी मनापासून आदर करतो. पुगा हे चांगपा पशुपालकांचे कुरण आहे, तिथला नाला पुढे सिंधूला मिळतो. २०२२ मध्ये खोदाई सुरू असताना गरम द्रव जोराने वर आला, नाल्यात मिसळला आणि काम थांबवावे लागले. तिथल्या लोकांची भीती खरी आहे. ओल्कारियात २०१४ मध्ये मसाई कुटुंबांना नव्या वसाहतीत हलवले गेले. आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून त्यांनी जागतिक बँकेकडे आणि युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तक्रारी नेल्या आणि मध्यस्थी करावी लागली. तुर्कस्तानात मेंडेरेस खोऱ्यातले अंजीरवाले शेतकरी प्रकल्पांविरुद्ध रस्त्यावर उतरले. तिथल्या चुनखडीच्या खडकातून पाण्याबरोबर इतका कार्बन डायऑक्साइड वर येतो की काही केंद्रांचे सुरुवातीचे उत्सर्जन कोळशाच्या तोडीचे होते. न्यूझीलंडच्या वैराकेई केंद्राने १९५० च्या दशकानंतर आसपासची उष्ण कारंजी संपवली, जमीन खचवली.

पण ही सारी उदाहरणे धोरणाच्या बाजूनेच साक्ष देतात. वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची सक्ती करायची की नाही, विहिरीच्या तोंडाशी दाबनियंत्रक यंत्रणा कोणत्या दर्जाची हवी, कोणत्या झऱ्यापासून किती अंतरावर खोदाई वर्ज्य, कुरण गेले तर भरपाई कोणाला आणि कोणाच्या संमतीने, हे निर्णय बाजार घेत नाही. त्याच न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ शहरात घरोघरच्या विहिरींमुळे प्रसिद्ध कारंजी मंदावू लागली तेव्हा १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुटू कारंज्याच्या दीड किलोमीटर परिसरातल्या विहिरी बंद केल्या आणि कारंजी सावरली. पुढच्या काळात तिथल्या माओरी न्यासांनी स्वतःच्या जमिनीवरच्या भूऔष्णिक प्रकल्पांत मालकीचा वाटा मिळवला. पुगात चांगपांना असा वाटा का असू नये? लोकांना विश्वासात न घेता घाईने खोदणारे सरकार आणि पन्नास वर्षे काहीच न करणारे सरकार, या दोहोंपैकी एक निवडायचे अशी सक्ती लडाखवर कोणी केलेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. उशिरा का होईना ते आले याचे स्वागत करायला हवे. वीजनिर्मितीबरोबर उष्णतेचा थेट वापर, इमारती गरम-थंड करणारे हीट पंप, टाकून दिलेल्या तेलविहिरींचा पुनर्वापर हे सारे त्यात आले आहे. थेट वापराच्या कलमात कोकणालाही जागा आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते राजापूरपर्यंत पसरलेल्या कुंडांचे पाणी वीजनिर्मितीच्या दृष्टीने आज कोमट आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतल्या भूवैज्ञानिकांसह अनेकांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला असला तरी मी कोकणात वीजकेंद्राचे स्वप्न विकणार नाही. पण साठ-सत्तर अंशांच्या उष्णतेवर आंबा, कोकम, मासळी सुकवता येते. हे श्रद्धास्थानांना आणि स्नानाच्या कुंडांना धक्का न लावता, वेगळ्या विहिरीतून आणि ग्रामसभेच्या संमतीने व्हायला हवे. तशी एखादी योजना राज्य सरकारने आखली तर तिचे मोल लहान नसेल.

वीजनिर्मितीच्या बाबतीत मात्र या धोरणातली उणीव तीच आहे जिच्यावर हा सारा लेख उभा आहे. पहिल्या खोल विहिरी कोरड्या निघाल्या तर पैसे कोणाचे जाणार, याला त्यात ठरावीक रकमेचा, ठरावीक मुदतीचा निधी जोडलेला नाही. तो निधी नसेल तर कंपन्या अर्ज करतील, अभ्यास-अहवाल देतील आणि रिग आणण्याची वेळ आली की थांबतील, जसे तत्तापानीत झाले. म्हणून मागणी स्पष्ट करतो. पुगा, शेजारचे छुमाथांग आणि तत्तापानी मिळून दहा खोल विहिरी सरकारने स्वतःच्या खर्चाने खोदाव्यात. लडाखची उंची आणि दुर्गमता धरून प्रत्येक विहिरीला शंभर कोटी मोजले तरी हिशेब हजार कोटींचा होतो, पांगच्या वाहिनीच्या अनुदानाच्या आठव्या हिश्श्याइतका. खोदाईआधी पर्वतीय परिषदेची आणि चांगपांची लेखी संमती घ्यावी, पाणी परत जमिनीत सोडण्याची अट करारातच असावी आणि प्रत्येक विहिरीचे तापमान, दाब व पाण्याचे रासायनिक विश्लेषण सहा महिन्यांच्या आत सर्वांसाठी खुले करावे. ज्या विहिरींत पुरेशी उष्णता सापडेल त्या केनियासारख्या लिलावात काढाव्यात, हमीदरासह. सर्व दहा विहिरी थंड निघाल्या तर ‘भारताखाली उष्णता नाही’ हे वाक्य पहिल्यांदाच पुराव्यानिशी लिहिता येईल, आणि तसे झाले तर मी ते मान्य करीन.